ठकीची ओळ

"बी मातीत गाडलं जातं ना मास्तर, तेव्हा त्याला वाटत असेल, संपलं आता सगळं." बेकरीवाली इथे थांबली, रुमालाने डोळे टिपले आणि मग पुढे म्हणाली, "पण ते संपणं नसतं."

भाजीमास्तरांनी मान हलवली. वाक्य त्यांच्या ओळखीचे होते. ओळखीचे कसले, त्यांचेच होते. चर्चमध्ये मुलांसमोर उभे राहून, हातात घेवड्याचा दाणा धरून त्यांनी ते म्हटले होते आणि 'सगळं'नंतर असेच थांबले होते. बेकरीवालीने ते थांबणेसुद्धा जसेच्या तसे उचलले होते.

"घेवड्याचा धडा," ते म्हणाले.

"तोच तर! तुम्ही खिशातून दाणा काढलात, तेव्हा माझी धाकटी मोठ्यांदा हसली होती. आठवतंय?"

"हो."

"तुमच्याच शब्दांनी तुम्हाला धीर द्यायचा म्हणजे लहान तोंडी मोठा घास. पण दुसरं सुचेना हो मला काही." असे म्हणून ती खरेच रडू लागली. मास्तरांना वाटले, आपण हिला पाणी द्यावे. पण उठायचे कसे ते काही केल्या आठवेना. शेवटी बायकोनेच आतून पेला आणला, तिच्या हातात दिला आणि परत आत गेली. पाठोपाठ स्वयंपाकघरातल्या कपाटाचे दार जरा जोरातच लागले.

आता मास्तरांची लेक जाऊन महिना उलटत आला होता, तरी माणसे येतच होती. चांगली माणसे, त्यात शंका नाही. पण सांत्वनाला येणाऱ्याने हात हलवत यायचे कसे? म्हणून जो तो मास्तरांचाच एखादा धडा बरोबर घेऊन येई. कुणी भोपळ्याचा वेल आणला, आधार धरला की वर चढतो तो. कुणी खताचा खड्डा आणला. चर्चच्या रखवालदाराने तर टोमॅटोची छाटणी आणली आणि मधेच विसरला, तेव्हा मास्तरांनीच त्याला पुढचे वाक्य सांगितले. इतक्या वर्षांत मंडळीत वाटलेला सगळा माल एकदम परत आला होता आणि तो ठेवायला घरात जागा नव्हती.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत बरे का. धंदा लिफ्टदुरुस्तीचा. गच्चीवरच्या यंत्रखोलीत बसून रस्से तपासायचे, ब्रेकचे पट्टे बदलायचे, ग्रीसने कोपरापर्यंत माखायचे. पण घरामागे खाटेएवढे चार वाफे होते आणि माणसाचा सगळा जीव त्यात. एकदा रविवारी मुलांना धडा सांगणाऱ्या बाई आजारी पडल्या, म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांनी यांना उभे केले. यांना भाषण कुठले येतेय? खिशात सकाळचा मुळा होता, तोच काढला आणि त्याच्यावर बोलले. मुले खूश, मोठी माणसे त्याहून खूश. झाले! तेव्हापासून दर रविवारी एक भाजी आणि एक धडा. भाजीमास्तर हे नाव त्यांच्या लेकीनेच ठेवले, आणि ते इतके चिकटले की कामावरचा साहेबसुद्धा तसेच हाक मारी.

लेकीला ते ठकी म्हणत. औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. चांगली कमावती, बापाला उलट बोलणारी, खळखळून हसणारी. वागण्यात घाई फार. चहा उभ्याने प्यायची, आमेन म्हणता म्हणता चप्पल शोधायची. साध्या तापाचे निमित्त झाले आणि आठवडा उलटायच्या आत ती गेली. डॉक्टरांनी कारण सांगितले, मास्तरांनी नीट ऐकून घेतले, आणि घरी येईपर्यंत त्यातले काहीही त्यांच्या लक्षात राहिले नाही.

आजारी पडायच्या आधीच्या एका रविवारी तिने गाजरे पेरली होती. म्हणजे पेरायची होती मास्तरांना. त्यांनी काठीने सरळ रेघ ओढली, तोंडाने सांगितले, "चिमूट चिमूट, अंतर ठेवून," आणि ते झारी भरायला वळले. परत येऊन बघतात तर बाईसाहेबांनी पाकीट फाडून सगळेच्या सगळे बी एका ओळीत ओतलेले! वर हात झटकत उभी.

"अगं ए ठके! हे काय केलंस? गाजराचं बी आहे ते, पाखरांना दाणे टाकलेस काय?"

"उगवू देत की सगळी. विरळायला तुम्ही आहात ना, बाबा!"

"सगळी कशी राहतील? एकमेकांच्या उरावर बसतील. एकालाही अंग धरता येणार नाही."

"मग उपटा तुम्ही, मन घट्ट करून." हे ती मास्तरांच्याच धड्यातल्या आवाजात म्हणाली आणि स्वतःच खिदळली.

विरळणीचा धडा हा मास्तरांचा सगळ्यात गाजलेला धडा. दाटीने उगवलेली रोपे माळी का उपटतो? त्याला त्यांचा राग असतो म्हणून नव्हे, तर ओळ नीट वाढावी म्हणून. उपटताना आपल्याला कळत नाही, पण माळ्याला पुढचे दिसत असते. हा धडा त्यांनी पहिल्यांदा सांगितला तेव्हा ठकी सहा-सात वर्षांची असेल. पुढच्याच बाकावरून तिने बोट वर केले आणि विचारले, "बाबा, पण उपटलेली कुठं ठेवतो तो?" सगळे चर्च हसले. मास्तरही हसले आणि म्हणाले, "बादलीत!" आणि पुढे गेले.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते सवयीने मागे गेले, तर गाजरे उगवलेली होती. केसांसारखी बारीक आणि लव दाटावी तशी दाट. मास्तर बराच वेळ बघत उभे राहिले. रडू येईल असे वाटले, पण नाही आले. मग त्यांनी झारी भरली, पाणी घातले आणि कामावर गेले.

विरळायची वेळ आली, तरी ते विरळेनात. खुरपे घेऊन बसत, दोन बोटांत एक रोप धरत आणि सोडून देत. कुठले उपटायचे? हे, की त्याच्या शेजारचे? आजवर कधी असा विचार करावा लागला नव्हता. बोटे आपोआप चालायची. आता बोटांना विचारले तर बोटे गप्प. आणि वेळ तर चाललीच होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर मुळे एकमेकांत गुंतली असती आणि अख्ख्या ओळीची नुसती दोरखंडे झाली असती. ठकीच्या हातची शेवटची ओळ, तीही वाया. हे मास्तरांना कळत होते. इतकी वर्षे तेच तर शिकवत होते ते.

"विरळायची नाहीत का?" बायको स्वयंपाकघराच्या दारातून विचारी.

"उद्या."

"उद्या, उद्या. बरं." ती आत जाई. दोघांत हल्ली एवढेच बोलणे होत असे. जेवायला बसल्यावर प्रार्थना पूर्वी बायको म्हणायची. हल्ली ती ताट वाढून नुसती खाली बघत बसे. मास्तर थोडी वाट बघत, मग कुणी काही न म्हणता दोघे जेवायला लागत.

शुक्रवारी पाळकसाहेब आले. भला माणूस, पण गप्प बसणे त्यांना मुळीच जमत नसे. हवापाण्याचे झाले, चर्चच्या छपराचे झाले, मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मास्तर, मुलं विचारतायत तुम्हाला. या रविवारी याल? थोडंच बोला. मला विचाराल तर विरळणीचाच धडा घ्या. तुमच्या तोंडून, अशा वेळी, तो ऐकला ना, तर सगळ्या मंडळीला केवढा आधार होईल!"

"बरं," मास्तर म्हणाले.

पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. त्यांना कुठे ठाऊक होते, मास्तर हल्ली सगळ्यालाच बरं म्हणतात. साखर संपली म्हटले तरी बरं, आणि वीज गेली म्हटले तरी बरं.

ते फाटकाबाहेर पडल्यावर बायको हात पुसत बाहेर आली. "हो म्हणालात?"

"तोंडातून निघून गेलं."

"काय सांगणार आहात?"

"माहीत नाही."

ती त्यांच्यासमोर बसली. कितीतरी दिवसांनी समोर बसली. "ऐका. चर्चला मी येते, कारण घरी एकटं बसवत नाही. गाणी चालू असतात तोवर बरं असतं. पण तुम्ही तिथं उभं राहून देवानं विरळणी केली म्हणालात ना, तर मी उठेन. सगळ्यांच्या देखत उठेन आणि परत त्या दारात पाऊल टाकणार नाही. आणि या घरात तुमच्याशी बोलेन की नाही, तेही मला सांगता येत नाही."

"बरं," मास्तर म्हणाले, आणि तिने त्यांच्याकडे असे बघितले की त्यांना स्वतःच्याच शब्दाची लाज वाटली.

शनिवारी एका जुन्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. दाराचा विजेचा संपर्क झिजलेला, नेहमीचेच दुखणे. आत एक म्हातारीशी बाई पिशवी छातीशी धरून उभी होती. फटीतून तिचे फक्त डोळे दिसत. "किती वेळ लागेल हो?" ती सारखी विचारत होती. मास्तर म्हणाले, "झालंच." मग यंत्रखोलीत जाऊन त्यांनी चाक हाताने फिरवले आणि लिफ्ट हळूहळू मजल्याला आणली. बाहेर आल्यावर बाईने त्यांचे आभार मानले आणि प्रभू तुमच्या लेकराबाळांना सुखी ठेवो म्हणाली. मास्तरांनी हत्यारे पेटीत भरली. यावर काही वाटायला हवे होते, असे त्यांना जिना उतरताना वाटले.

घरी आले तर मागच्या दारी घड्याळजी उकिडवा बसलेला.

हा घड्याळजी म्हणजे चौकात घड्याळे दुरुस्त करणारा, सडाफटिंग, मास्तरांचा पट्टशिष्य. एका डबड्यात मुळा लावण्यापासून त्याची सुरुवात झाली होती, आता त्याच्या गच्चीवर कुंड्यांना जागा नव्हती. बोलणे कमी, लाजणे जास्त. त्याच्या डोळ्याला अजून घड्याळे बघायचे भिंग लावलेले होते आणि हातात चिमटा होता. मास्तरांना पाहून तो धडपडत उभा राहिला.

"झालंच, मास्तर. तुम्हाला विरळायला बसवत नाहीये असं कळलं, म्हणून म्हटलं, एवढं तरी करावं. वहिनी दुकानात गेल्या होत्या, मी फाटकातून आलो. अगदी तुम्ही शिकवलंत तसंच केलंय बघा. तीन बोटांवर एक. चिमट्यानं काढली, शेजारच्याला धक्का नाही लागू दिला."

मास्तरांनी ओळीकडे बघितले. काम सुरेख झाले होते. त्यांना स्वतःलाही इतके सुरेख जमले नसते. जिथे हिरवी लव होती तिथे आता काळी माती दिसत होती आणि तिच्यात ठरावीक अंतरावर एकेक रोप उभे होते, एकटे.

"चहा घेतलास?" त्यांनी विचारले.

घड्याळजी हसला. त्याला वाटले, मास्तर खूश झाले. तेवढ्यात बायको पिशवी घेऊन मागे आली. तिने ओळ बघितली. पिशवी तिच्या हातातून सुटली नाही, काही झाले नाही. ती फक्त एका जागी थांबली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "कुठं ठेवलीत ती?"

"काय, वहिनी?"

"काढलेली. कुठं ठेवलीत?"

घड्याळजीने बाजूला बोट केले. मास्तरांची बादली त्याला सापडली नव्हती. आणि सुटे झालेले काहीही कसेही फेकायची त्याच्या हाताला सवय नाही. म्हणून त्याने जुने वर्तमानपत्र ओले करून पसरले होते आणि त्यावर उपटलेले प्रत्येक रोप ओळीने निजवून ठेवले होते, घड्याळाचे भाग मांडतात तसे. मुळे एका बाजूला, पाने एका बाजूला.

बायको खाली बसली. तिने एक रोप उचलले, तळहातावर घेतले. मूळ दोऱ्याएवढे, पण रंग आला होता. आणि मग एवढ्या दिवसांत जे झाले नव्हते ते झाले. ती रडली. मोठ्याने, तोंड उघडे टाकून, शेजारपाजाऱ्यांची पर्वा न करता. घड्याळजीच्या डोळ्यावरचे भिंग खाली पडले. त्याला आता कळले, आपण काय करून बसलो ते. "मास्तर," तो म्हणाला, "मास्तर, मला वाटलं..."

"तुझी काही चूक नाही," मास्तर म्हणाले. "शिकवलं होतं मीच."

रात्रीच्या जेवणाआधी बायकोने ती सगळी रोपे गोळा करून पाण्याच्या पेल्यात उभी केली आणि पेला खिडकीत ठेवला.

रविवारी मुले पुढच्या बाकांवर दाटीवाटीने बसली होती. आज मास्तरांच्या खिशातून काय निघणार म्हणून माना लांब करत होती. मास्तर उठले तेव्हा त्यांच्या हातात तो पेला होता. रोपांनी माना टाकल्या होत्या, काही अजून हिरवी होती. बायको मागून तिसऱ्या बाकावर, कडेला बसली होती. उठायला सोपे जाईल अशी.

"हे गाजर आहे," मास्तर म्हणाले. "म्हणजे झालं असतं." मग त्यांनी पेला मुलांना दिसेल असा वर धरला. पाळकसाहेब खुर्चीत चुळबुळले.

"विरळणीचा धडा तुम्हाला पाठ आहे. मी तो पुष्कळ वेळा सांगितला. त्यात मी नेहमी राहिलेल्या रोपांबद्दल बोललो. ती कशी वाढतात, कशी गोड होतात. हा धडा पहिल्यांदा सांगितला तेव्हा एका मुलीनं मला विचारलं होतं, उपटलेली कुठं ठेवतो तो? मी म्हणालो, बादलीत. तुम्ही हसलात. मीही हसलो."

आज कुणी हसले नाही. बेकरीवालीने रुमाल तोंडावर धरला होता.

"शास्त्रात एक बाई आहे. प्रभूच्या रिकाम्या कबरेपाशी रडत उभी होती, देह कुणी नेला म्हणून. प्रभू तिच्यासमोर जिवंत उभा होता, पण तिनं ओळखलं नाही. तिला वाटलं, हा माळी आहे. त्या माळ्याला तिनं असं नाही विचारलं की का नेलंस. बाकीचे कसे वाढतील, तेही नाही विचारलं. तिनं एवढंच विचारलं, कुठं ठेवलंस? इतक्या वर्षांत त्या प्रश्नाकडे माझं लक्षच गेलं नाही. काल हाच प्रश्न मी माझ्या घरी ऐकला."

त्यांचा आवाज सपाट होता, लिफ्टमधल्या बाईला 'झालंच' म्हणताना होता तसा.

"त्या बाईला उत्तर मिळालं. मला अजून मिळालेलं नाही. देवानं माझ्या लेकीला का नेलं, ते मला माहीत नाही आणि जो माहीत आहे म्हणतो त्याच्याशी मला आता बोलवत नाही. मी रोपं बादलीत टाकायचो, बघायचोसुद्धा नाही. तो तसा नसेल. नसेल, एवढी आशा धरून मी इथं उभा आहे. याच्यापुढं मला येत नाही."

ते खाली बसले. धड्याच्या शेवटी मुले एका सुरात आमेन म्हणत, पण आज म्हणायचे की नाही ते त्यांना कळेना. मास्तरांनी मागे वळून बघायचे धाडस केले नाही. मग मागून, तिसऱ्या बाकाच्या कडेवरून, एकच आवाज आला, घोगरा, न वापरून गंजलेला: "आमेन." पाळकसाहेब गाणे सुरू करायला उठले आणि पहिल्या ओळीला त्यांचा स्वर चुकला.

दुपारी मास्तर पेला घेऊन मागे गेले. ओळीशेजारी गुडघे टेकून बसले आणि घड्याळजीने मोकळ्या केलेल्या मातीत करंगळीने भोक पाडले. एक रोप त्यात उभे केले, माती दाबली. ते लगेच आडवे झाले. त्यांनी ते पुन्हा उभे केले.

फाटकाबाहेर घड्याळजी केव्हाचा उभा होता. आत यायचीही हिंमत नाही आणि जायचीही नाही.

"चिमटा आणलायस?" मास्तरांनी वर न बघता विचारले.

"खिशात असतोच."

"मग ये. माझी बोटं जाड आहेत."

तो आला, समोर बसला. त्याने चिमट्याने रोप धरायचे, मास्तरांनी माती सारायची, असे काम सुरू झाले. थोड्या वेळाने बायको झारी घेऊन बाहेर आली. ती बाजूला बसली आणि पेल्यातली एकमेकांत गुंतलेली रोपे सोडवून एकेक पुढे करू लागली. तीन बोटांचे ते सुंदर अंतर हळूहळू भरत गेले. ओळ पुन्हा दाट दिसू लागली. कुठे उभी, कुठे आडवी, बरीचशी कोमेजलेली.

"लागतील का हो?" तिने विचारले.

मास्तरांनी हातातले रोप बघितले. "नाही," ते म्हणाले. "गाजराचं मूळ एकदा हललं की नाही धरत."

"आणि या दाटीनं बाकीचीही जातील."

"जातील काही."

तिने मान हलवली. मग पेल्यातले पुढचे रोप सोडवले, त्याच्या मुळाला चिकटलेला वर्तमानपत्राचा कपटा नखाने अलगद काढला, आणि त्यांच्या हातात दिले.